खाली बसविलेल्या लहान मोटारीसाठी मोठ्या चाकांची निवड : एक तांत्रिक विवेचन

सारांश

लहान मोटारीची उंची कमी करून तिला मूळ मापापेक्षा मोठी मिश्रधातूची चाके बसविण्याची आवड तरुण वर्गात मोठ्या प्रमाणावर दिसून येते. ही निवड बहुधा रूपावरून केली जाते. वास्तविक चाकाचा व्यास, रुंदी, ऑफसेट, छिद्रांची मांडणी, टायरचा भारांक आणि सस्पेन्शनची शिल्लक हालचाल यांचा परस्परांशी निश्चित गणिती संबंध आहे. प्रस्तुत लेखात मारुती स्विफ्ट या मोटारीच्या २०११ ते २०१८ या काळातील दुसऱ्या पिढीच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : मिश्रधातूची चाके, ऑफसेट, पीसीडी, टायरची बाजू, सस्पेन्शन, भूअंतर.

प्रस्तावना

मोटारीचा रस्त्याशी असलेला संपूर्ण संबंध चार टायरच्या तळव्याएवढ्या जागांमधून घडतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रियांची बले तेथूनच जातात. त्यामुळे चाक बदलणे ही सजावट नसून मोटारीच्या रचनेतील हस्तक्षेप असतो. बाजारात मात्र चाक प्रथम दिसते आणि त्याचे गणित नंतर समजते, किंवा समजतच नाही.

बोलीभाषेत या चाकांना ‘मॅग व्हील’ म्हणतात. हे नाव मॅग्नेशियम या धातूवरून आले. आज विकली जाणारी बहुसंख्य चाके अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असली तरी जुने नाव टिकून राहिले आहे. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाके १९२४ मध्ये बुगाटीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीवर आली, तेव्हा वजन वाचविणे आणि ब्रेकला हवा मिळणे हे त्यांचे मुख्य प्रयोजन होते. आजच्या हौशी ग्राहकाचे प्रयोजन बहुतांशी दृश्य आहे. हौस असण्यात गैर काही नाही, परंतु हौसेचा भार मोटारीत बसणाऱ्या कुटुंबीयांवर आणि रस्त्यावरील इतरांवरही पडत असल्याने तिला मापाची जोड असणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. टायर व रिम यांच्या मापांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. खाली बसविलेल्या मोटारीत उपलब्ध जागेचा हिशेब मांडणे.
३. मोठ्या चाकांचे सुरक्षिततेवर होणारे परिणाम तपासणे.
४. निवडीचा तर्कसंगत क्रम सुचविणे.

मापांची भाषा

टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा मजकूर असतो. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ हे टायरच्या बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आहे. म्हणजे ही उंची १८५ च्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मि.मी. होते. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना दर्शविते आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास असतो. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५६० किलो भार असा आहे. ‘एच’ हे वेगचिन्ह ताशी २१० किलोमीटरची मर्यादा सांगते. अनेक ग्राहक यातील केवळ १५ हा आकडा पाहतात. प्रत्यक्षात इतर आकडे अधिक निर्णायक ठरतात.

एकूण व्यासाचा नियम

रिमचा व्यास वाढविताना टायरची बाजू त्याच प्रमाणात कमी करून चाकाचा एकूण व्यास शक्य तितका मूळ व्यासाएवढा राखावा, हा या विषयातील पहिला नियम होय. एकूण व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक टायरच्या बाजूच्या उंचीची दुप्पट. स्विफ्टच्या या पिढीत कंपनीने १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीत १८५/६५ आर १५ अशी मापे दिली होती. त्यांची तुलना पर्यायी मापांशी पुढीलप्रमाणे करता येते.

तक्ता क्र. १ : टायरचे माप, बाजूची उंची, एकूण व्यास (मि.मी.) व मूळ १५ इंची मापापासूनचा फरक

१६५/८० आर १४ : १३२.० : ६१९.६ : उणे ०.३ टक्के
१८५/६५ आर १५ : १२०.३ : ६२१.५ : मूळ माप
१९५/५५ आर १६ : १०७.३ : ६२०.९ : उणे ०.१ टक्के
२०५/४५ आर १७ : ९२.३ : ६१६.३ : उणे ०.८ टक्के
२१५/५० आर १७ : १०७.५ : ६४६.८ : अधिक ४.१ टक्के
२१५/४० आर १८ : ८६.० : ६२९.२ : अधिक १.२ टक्के

कंपनीने स्वतः १४ वरून १५ इंचावर जाताना एकूण व्यासात जेमतेम २ मि.मी. फरक पडू दिला, ही बाब लक्षणीय आहे. वेगमापक यंत्र चाकाच्या फेऱ्या मोजते. एका फेरीत कापले जाणारे अंतर ४ टक्क्यांनी वाढले, तर प्रत्यक्ष वेगही दाखविलेल्या वेगाच्या तुलनेत तेवढ्याच प्रमाणात वाढतो. अचूक वेगमापकावर काटा ८० वर असेल तेव्हा मोटार ताशी ८३ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असेल. वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, हे वेगमापकासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील (क्र. ३९) तत्त्व आहे. मोठा टायर हेच तत्त्व मोडण्याच्या दिशेने नेतो.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. मडगार्डची कमान आणि टायर यांमधील पोकळी मोठ्या रिममुळे भरून निघते, असे मानले जाते. ती पोकळी टायरच्या एकूण व्यासावर आणि सस्पेन्शनच्या उंचीवर अवलंबून असते, रिमच्या व्यासावर नव्हे. एकूण व्यास तोच राखल्यास १७ इंची रिम लावूनही पोकळी जशीच्या तशी राहते. ती भरण्यासाठी २१५/५० आर १७ सारखा मोठा टायर घेतला, तर टायरची त्रिज्या सुमारे १२.६ मि.मी. ने वाढते. खाली बसविल्यामुळे आधीच घटलेल्या जागेतून आणखी तेवढी जागा कमी होते आणि खड्ड्यात चाक वर येताच टायर कमानीला घासू लागतो.

रुंदी व ऑफसेट : जागेचा हिशेब

रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधील अंतर म्हणजे ऑफसेट. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन मानला जातो. लहान, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत तो सामान्यतः धन असतो. ऑफसेटचा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते आणि वाढला की आत जाते.

उदाहरणादाखल ५.५ इंच रुंदीची व ४५ ऑफसेटची रिम काढून तिच्या जागी ७ इंच रुंदीची व ३८ ऑफसेटची रिम लावली, असे समजू. पहिल्या रिमची अर्धी रुंदी ६९.८५ मि.मी. असल्याने तिची बाहेरील कड हबच्या पृष्ठभागापासून २४.८५ मि.मी. बाहेर आणि आतील कड ११४.८५ मि.मी. आत येते. दुसऱ्या रिमची अर्धी रुंदी ८८.९ मि.मी. असल्याने हेच आकडे अनुक्रमे ५०.९ व १२६.९ होतात. म्हणजे रिम बाहेर सुमारे २६ मि.मी. आणि आत १२ मि.मी. सरकली. टायरच्या फुगवट्याचा हिशेब याहून वेगळा येतो. १८५ ऐवजी २०५ रुंदीचा टायर घेतल्यास फुगवटा बाहेर १७ मि.मी. आणि आत केवळ ३ मि.मी. वाढतो.

या दोन हिशेबांतील तफावत व्यवहारात महत्त्वाची आहे. मूळ जोडीत टायरचा फुगवटा रिमच्या कडेपेक्षा सुमारे २३ मि.मी. पुढे होता. नव्या जोडीत हे संरक्षण १४ मि.मी. पर्यंत घटते आणि फुटपाथच्या कडेला मोटार लावताना टायरऐवजी रिमच घासण्याची शक्यता वाढते. आतील बाजूस शॉकॲब्सॉर्बरचा स्तंभ आणि स्प्रिंगची बैठक असल्याने तेथे रिमची कड व टायर हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात. याशिवाय ऑफसेट ७ मि.मी. ने कमी होताच टायरचा तळवा स्टिअरिंगच्या अक्षापासून तेवढाच दूर जातो. परिणामी खड्ड्याचा व असमान ब्रेकिंगचा झटका स्टिअरिंगवर अधिक जाणवतो आणि चाकाच्या बेअरिंगवरील ताणही वाढतो.

हबवरील बसवण

या मोटारीच्या हबवर चार बोल्ट १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. यालाच पीसीडी ४ × १०० असे म्हणतात. हबच्या मध्यभागाचा व्यास ५४.१ मि.मी. आहे. बाजारातील चाकांचे मधले छिद्र अनेक मोटारींना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. अशा वेळी हब व छिद्र यांमधील फट भरून काढणारी योग्य मापाची कडी वापरावी. ती नसल्यास चाक नेमके मध्यावर बसण्याची जबाबदारी एकट्या नटांवर येते आणि बॅलन्सिंग करूनही विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरते.

नटांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सुझुकीच्या बोल्टचा आटा १२ मि.मी. व्यासाचा व १.२५ मि.मी. अंतराचा असतो, तर होंडा, टोयोटा आदींच्या मोटारींसाठी मिळणारे नट १.५ मि.मी. आट्याचे असतात. दोन्हींचा व्यास सारखाच असल्याने चुकीचा नट सुरुवातीचे काही फेरे फिरतो. पुढे जोर लावून तो घट्ट केल्यास आटे चिरडले जातात. घट्ट झाल्यासारखा भासणारा असा नट प्रत्यक्षात चाकाला धरून ठेवत नाही. नटाच्या टोकाचा आकारही चाकातील बैठकीशी जुळला पाहिजे. शंकूच्या आकाराच्या बैठकीत गोल टोकाचा नट लावणे तितकेच धोक्याचे असते.

मोटार खाली बसविल्याचे परिणाम

या मोटारीत पुढे मॅकफर्सन स्तंभाची आणि मागे टॉर्शन बीमची रचना आहे. मोटार खाली आणल्यावर पुढील लोअर आर्मची मूळ ठेवण बदलते. आर्मचे बाहेरील टोक वर गेल्याने वळणावर मोटार ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते ते केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जाते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येऊनही मोटारीचा कल अपेक्षेएवढा कमी होत नाही. चाकांचे पुढील अलाइनमेंटही बदलते. ते नव्याने जुळवून न घेतल्यास महागडे टायर आतील कडेने लवकर झिजतात. मागील टॉर्शन बीममध्ये असे समायोजन करण्याची सोय सामान्यतः नसते.

स्प्रिंग कापून मोटार खाली आणण्याची पद्धत विशेष घातक आहे. स्प्रिंगचा ताठपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा कापल्यास ताठपणा एकपंचमांशाने वाढतो, परंतु मूळ शॉकॲब्सॉर्बर त्या ताठपणासाठी तयार केलेला नसतो. शिवाय चाक हवेत लोंबकळताच आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. उंची कमी करायचीच असेल, तर त्या मोटारीसाठी बनविलेला स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांचा जुळणारा संच हाच स्वीकारार्ह मार्ग आहे.

गतिरोधक, खड्डे आणि पाऊस

या पिढीच्या स्विफ्टचे भूअंतर १७० मि.मी. व चाकांच्या आसांमधील अंतर २४३० मि.मी. होते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सें.मी. अशी सांगितली होती. असा गतिरोधक मोटारीच्या मधोमध आला असता चारही चाके त्याच्याच उतारावर असतात. वर्तुळखंडाच्या गणितानुसार त्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ४३ मि.मी. वर येतो. ४० मि.मी. खाली बसविलेली मोटारही तो सहज ओलांडू शकते.

गावोगावच्या रस्त्यांवर मात्र डांबराचे अरुंद व उंच उंचवटे आढळतात. दीड मीटर रुंदीचा व १५ सें.मी. उंचीचा उंचवटा दोन्ही आसांच्या मधोमध मावतो आणि त्याची पूर्ण उंची मोटारीच्या पोटाखाली येते. मूळ मोटारीला तेथे जेमतेम २० मि.मी. अंतर उरते आणि प्रवासी बसल्यावर ते आणखी घटते. ४० मि.मी. खाली आणलेली मोटार मात्र रिकामी असतानाही तेथे घासणार. एकूण व्यास तोच ठेवून घेतलेल्या मोठ्या रिमने भूअंतर एक मिलिमीटरनेही वाढत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

खड्ड्याच्या धारदार कडेवर टायरची बाजू उशीप्रमाणे दबते. २०५/४५ आर १७ मध्ये ही उशी १२० वरून ९२ मि.मी. पर्यंत, म्हणजे जवळपास एकचतुर्थांशाने कमी होते. टायर रिम व कडेमध्ये चिमटला गेला की आतील धागे तुटून बाजूला फुगा येतो, रिम वाकते किंवा तिला तडा जातो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपल्याने चालकाला वेग कमी करण्याची संधीही मिळत नाही. त्यातच रुंद टायरला समोरचे पाणी बाजूला सारणे अधिक कठीण जाते, म्हणून पाण्यावर तरंगण्याची अवस्था तुलनेने कमी वेगाला येऊ शकते.

भार व जडत्व

मूळ टायरचा भारांक ८८, म्हणजे ५६० किलो आहे. २०५/४५ आर १७ हा टायर साध्या रचनेत ८४ भारांकाचा मिळतो आणि त्याची क्षमता ५०० किलो असते. रुंद दिसणारा टायर अधिक भार पेलतो, ही समजूत येथे चुकीची ठरते. कमी उंचीच्या टायरमध्ये हवेचे आकारमान कमी असते आणि भार मुख्यतः हवाच पेलते. याच मापाचा वाढीव भारक्षमतेचा ८८ भारांकाचा टायर उपलब्ध असून तोच निवडणे आवश्यक आहे. त्यात हवेचा दाब मूळ टायरपेक्षा काहीसा अधिक ठेवावा लागतो.

जडत्वाचा विचारही महत्त्वाचा आहे. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रिमच्या कडेचे वजन तेच ठेवून व्यास १५ वरून १७ इंच केल्यास तेवढ्या भागाचे जडत्व सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात स्वस्त ओतीव चाक मूळ चाकाहून जड असल्यास ही वाढ अधिक होते. लहान इंजिनाला वेग घेताना आणि ब्रेकला थांबविताना हा जादा भार वाहावा लागतो. स्प्रिंगखालील वजन वाढल्याने खडबडीत रस्त्यावर टायरचा रस्त्याशी संपर्कही वारंवार तुटतो. म्हणून ग्राहकाने चाकाच्या नक्षीइतकीच त्याच्या वजनाची चौकशी केली पाहिजे.

चाकाच्या गुणवत्तेची खूण पाहणे हाही निवडीचाच भाग आहे. जपानी ‘जेडब्ल्यूएल’ मानकानुसार चाकाची वळणावरील वाकण्याचा थकवा, भाराखालील फिरता थकवा आणि आघात अशा तीन प्रकारे चाचणी होते. अशी खूण आणि चाकाची कमाल भारक्षमता चाकावर कोरलेली असावी. नामांकित चाकाची केवळ नक्कल असलेल्या वस्तूला या चाचण्यांची हमी नसते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ समाविष्ट झाले. त्यातील चौथ्या पोटकलमात अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. केलेला बदल विमा कंपनीस न कळविल्यास अपघातानंतरचा दावाही वादग्रस्त होऊ शकतो. अशा वेळी आर्थिक भार बहुधा पालकांवर येतो.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम उत्पादकाने त्याच प्रतिकृतीच्या वरच्या श्रेणीस दिलेले माप पाहावे. १४ इंची स्विफ्टच्या मालकासाठी १८५/६५ आर १५ हा पर्याय तांत्रिक व कायदेशीर दोन्ही दृष्टींनी सर्वांत निर्धोक आहे. दुसरे, मोटारीची उंची आधी निश्चित करावी व चाक नंतर घ्यावे, कारण उपलब्ध जागा उंचीवरच ठरते. तिसरे, एकूण व्यास, भारांक, पीसीडी, मधले छिद्र व आटा यांची कागदावर पडताळणी करावी. यांपैकी एकही बाब न जुळल्यास चाक नाकारावे. चौथे, टायर चढविण्यापूर्वी एक चाक बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून रिमचे आतील अंतर पाहावे, आणि टायर चढविल्यावर पूर्ण भारासह हीच तपासणी पुन्हा करावी. अखेरीस अलाइनमेंट करून घ्यावे आणि पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर नटांचा घट्टपणा पुन्हा तपासावा.

निष्कर्ष

१. मोठ्या रिमचा निर्णय हा प्रत्यक्षात एकूण व्यास, रुंदी व ऑफसेट यांचा एकत्रित निर्णय असतो.
२. उंची कमी करणे व टायरचा व्यास वाढविणे हे दोन्ही बदल एकाच मर्यादित जागेवर हक्क सांगतात. म्हणून ते एकत्र करणे टाळावे.
३. लहान मोटारीत एक इंचाची वाढ, म्हणजे १९५/५५ आर १६ सारखे माप, तांत्रिकदृष्ट्या पेलण्याजोगे आहे. दोन इंचांच्या वाढीत टायरची बाजू व भारक्षमता यांची किंमत मोजावी लागते. तीन इंचांची वाढ खड्ड्यांच्या रस्त्यांवर समर्थनीय ठरत नाही. यांपैकी कोणत्याही बदलास कायदेशीर मर्यादा लागू राहतात.
४. या हिशेबाला शालेय भूमितीपलीकडे फारसे काही लागत नाही. भौतिकशास्त्र व गणिताच्या वर्गात जडत्व, वर्तुळखंड व प्रमाण शिकविताना हे उदाहरण घेतल्यास ज्या विद्यार्थ्यांना ही हौस आहे, त्यांच्यापर्यंत तो दुकानात पैसे भरण्याआधी पोहोचू शकेल.